पांढरे पट्टे कुणासाठी?

मंडळी, सायबर कॅफेत बसून ग्रुपला ही मेल करतेय, कारण सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

आमच्या कोपरखैरण्यात पालिकेने रस्ता सुरक्षेचे वर्ग सुरू केलेत. मी तिथे शिकवायला जाते. आमच्या शेजारच्या मथुराआजी पहिल्या दिवसापासून येतात. नवा रुंद रस्ता झाल्यापासून त्या कुणाचा तरी हात धरूनच पलीकडे जायच्या. मी त्यांना शिकवलं, पांढऱ्या पट्ट्यांवरून चाला, हात दाखवा, गाडी थांबेल.

आज त्या पहिल्यांदाच एकट्या निघाल्या. मी गॅलरीतून कौतुकाने बघत होते. अर्ध्या रस्त्यात एका टेम्पोने करकचून ब्रेक मारला, तरी त्यांना धक्का बसलाच.

मी धावत खाली गेले. ड्रायव्हर पळाला नव्हता. त्यानेच आजींना उचलून टेम्पोत बसवलं. दवाखान्यात जाताना मी त्याच्यावर ओरडले, "पट्टे दिसले नाहीत का?"

"दिसले ना, मॅडम," तो रडवेला होऊन म्हणाला. "पन तिथे थांबायचं असतं, हे आपल्याला कोनी बोललंच नाय."

आजींचं मनगट मोडलंय. प्लास्टर घालताना त्या मला सारख्या विचारत होत्या, "मी हात दाखवला व्हता ना गो? बरोबर दाखवला ना?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या वर्गाला मात्र आजवर एकही ड्रायव्हर आलेला नाही. आम्ही कुणाला बोलावलेलंच नाही.

उद्या आधी टेम्पो स्टँडवर जाणार आहे. पण तोवर वर्गातल्या बायकांना काय सांगू? तुम्ही काय सांगितलं असतं?