मोतीचा घास

"सुभेदाराच्या मिशा आहेत ह्या, वांग्याचं देठ नाही! वर घे! अजून वर!"

जळगावच्या पाथरवटाच्या शेडमध्ये आमचा नाना ओरडत होता. पाथरवटाने छिन्नी खाली ठेवली. "नाना, फोटो नाही, चित्र नाही. तुमच्या आजोबांच्या मिशा कुणाच्या बघून काढू?"

"माझ्या बघ!"

म्हणून रावेरजवळच्या आमच्या गावाच्या वेशीत जी शिळा उभी आहे, तिच्यावर खंडूआबाच्या तोंडाला नानाच्या मिशा आहेत. नाकही नानाचंच. खंडूआबाचं म्हणावं असं फक्त पागोटं, आणि तेही पाथरवटाने कुठल्याशा नवरदेवाच्या फेट्यावरून उचललेलं.

नाना माझा सख्खा चुलता. गाव त्याला 'सुभेदार' म्हणे आणि पाठीमागे हसे. नानाला पुढचं तेवढं ऐकू यायचं. स्वतः तो सैन्याच्या वाऱ्यालाही उभा राहिलेला नव्हता. हयात गेली केळीचे ट्रक भरून देण्यात, आणि दिवाळीत पहिली लवंगी वाजली की सुभेदार गोठ्यात म्हशीच्या आड. पण आवाज! नाना बागेत ओरडला की झाडावरचा घड जागीच पिके. एकदा बोदवड स्टेशनवर त्याने चहावाल्याला हाक मारली, तर न थांबणारी एक्सप्रेस थांबली. ड्रायव्हर खाली उतरून विचारायला लागला, "काय झालं साहेब?" हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण नानाला ओळखणारा एकही माणूस यावर शंका घेणार नाही.

एवढा आवाज असलेल्या माणसाला कान कशाला लागतात? समोरच्याचं वाक्य नानाने कधी शेवटापर्यंत जाऊ दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, "नाना, तुम्हाला साखर..." की नाना, "चालेल, दोन चमचे!" आपल्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत त्याने माळ घातली होती, आणि ती घाईघाईत मेहुणीच्या गळ्यात पडता पडता राहिली.

पन्नाशी ओलांडल्यावर त्याला खंडूआबा चढला. खंडूआबाने सातपुड्याच्या पायथ्याला पहिल्यांदा जंगल तोडून घर घातलं, त्याच्यामुळे गाव वसलं, इथवर खरं. त्याआधी तो पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला गेला होता, हेही खरं. बाकी सगळं नानाने लावलेलं पीक. आधी आबा शिपाई होता. पुढच्या वर्षी हवालदार झाला. मेल्यावर इतक्या भराभर बढत्या मिळालेला दुसरा जवान हिंदुस्थानात नसेल. सुभेदार झाल्यावर त्याने डाव्या हाताने वाघ मारला. उजव्या हातात तेव्हा म्हणे विडी होती.

पुरावा शोधायला नाना मला ड्रायव्हर म्हणून घेऊन हिंडला. पलटणीच्या कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं, सुभेदारांत असं नाव नाही. नाना बाहेर येऊन माझ्या कानात ओरडला, "बघ! गुप्त कामगिरी!"

शेवटी आम्ही शिरपूरला गेलो. तिथे अक्का राहते. खंडूआबाची पहिली बायको रखमा, तिच्या मुलाची ही मुलगी. म्हणजे नानाची चुलत बहीण, वयाने थोरली. पहिली बायको हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नसे. नानाचं म्हणणं, "सुभेदार बायको टाकून जात नसतो." झालं, रखमा नव्हतीच!

अक्काने भाकरी आणि शेवेची भाजी वाढली. मग ती म्हणाली, "आखाजीले आमना घर आबानी आगारी टाकतस, तव्हय त्याना संगे मोतीना बी घास ऱ्हास." आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पेटत्या गोवरीवर एकेका पितराचं नाव घेऊन तूप-पुरणाचा घास टाकतात, ती आगारी. "मोतीनी आबाले लढाईमाईन जित्ता आना. मोती म्हंजे..."

"मोतीराम!" नाना ताटावरून उठलाच. "आबांचा जोडीदार! आबांना वाचवताना शहीद!"

अक्काने त्याचं उष्टं ताट उचललं. निघताना तिने एकच मागणं केलं. "भाऊ, तू शिळा बसाडशी तव्हय आगारीमा मन्ही आजीनं नाव लेजो. तिन्हं कोठेच नाव नही शे."

"बघू, बघू," म्हणत नाना गाडीत बसला. रस्ताभर त्याने मला मोतीरामाचा पराक्रम सांगितला. शिरपूर सोडताना मोतीरामाला एक गोळी लागली होती, चोपड्याला तीन, आणि रावेर येईपर्यंत त्याची नुसती चाळण झाली होती.

आखाजीच्या दिवशी शिळा बसली. वर 'सुभेदार खंडूआबा', खाली 'शहीद मोतीराम'. दोनच नावं. अक्का पहाटेच्या एसटीने आली होती. तिला मांडवात शेवटच्या खुर्चीवर बसवलं होतं. नानाने आगारी टाकली, आबाचं नाव घेतलं, मोतीरामाचं घेतलं, आणि तूप संपलं म्हणून वाटी उपडी केली. अक्काने मान खाली घातली. नाना मात्र सातपुडा दणाणेल असा ओरडला, "शहीद मोतीराम..."

"अमर रहे!" शंभर केळीवाले ओरडले.

सरपंचाला काय बुद्धी झाली कोण जाणे. त्याने माईक अक्काच्या हातात दिला. "अक्का, मोतीरामांबद्दल दोन शब्द सांगा."

अक्काने माईककडे संशयाने पाहिलं. "मोती? तो खच्चर व्हता. आबा पलटणमा खच्चर हाके, पानी वाहे. गोळी लागनी तव्हय मोती त्याले पाठवर लई उना."

मांडव असा हसला, की माझ्या अंदाजाने बऱ्हाणपूरला खिडक्या वाजल्या. नानाचं तोंड उघडंच होतं आणि त्यातून पहिल्यांदाच काही येत नव्हतं. मिशा पाथरवटाने आधी काढल्या होत्या, अगदी तशाच खाली आल्या.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर नाना शिळेपाशी उकिडवा बसला होता. अक्का शेजारी. मी तिला विचारलं, "आबा तुझ्या आजीला टाकून गेला, तरी आजी त्याच्या खेचराला घास का टाकायची?"

"मोतीनी त्याले घर आनी दिधा," अक्का म्हणाली. "गया तो सोताना पायवर."

नाना गेला त्याला आता दोन वर्षं झाली. बढाईखोर होता, बहिरा होता, घरातल्या एका बाईला त्याने पितरांतूनही हाकललं होतं. आगारीत त्याचं नाव घेताना माझा आवाज आपोआप चढतो. पण न्यायाने सांगायचं तर एक वाक्य त्याने आयुष्यात शेवटापर्यंत ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाथरवटाला बोलावून, न ओरडता, तसंच्या तसं केलं. त्या संध्याकाळी तो शिळेवर हात फिरवत म्हणाला होता, "छिलून टाकतो गं हे मोतीरामाचं. गाव हसेल. अक्का, तूच सांग, काय करू?"

अक्का म्हणाली, "मोतीनं नाव ऱ्हाऊ दे. त्याना खाले मन्ही आजीनं लिख."