हिरानं बदललेली लेझीम

हिरा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, तात्यारावची बायको. नात्यानं माझी भावजय, तोऱ्यानं हेडमास्तरीण. शाळेत ती खेळाची शिक्षिका होती. बाई निवृत्त झाली, गळ्यातली शिट्टी काही झाली नाही. विश्रांतवाडीतल्या आमच्या विहाराचं बायकांचं लेझीम पथक तिनंच उभं केलं. भीमजयंतीला पांढऱ्या साड्या नेसून बायका निघाल्या की सगळ्यांत पुढे हिरा. हलगी कडाडली की जमिनीला टेकेल इतकी खाली बसायची आणि त्याच तालात उडी मारून उठायची. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. माझ्याही यायचा, आणि मी काही उठसूट कौतुक करणारी बाई नव्हे.

मीही होते हो त्या पथकात. पण माझे गुडघे कुरकुरायला लागले, बैठक अर्ध्यावर अडायला लागली, तेव्हा ही सगळ्यांसमोर म्हणाली, "वन्सं, बैठक नाही तर लेझीम नाही. तुम्ही पायरीवर बसा, पाणी वाटा." बसले. तेव्हापासून दर जयंतीला विहाराच्या पायरीवर मी, म्हणजे ही द्वारका, आणि माझ्यासारख्याच आणखी दोघीचौघी, पाण्याचे पेले घेऊन. वाईट वाटायचं. कुणाला सांगितलं नाही, इतकंच.

गेल्या थंडीत हिराचाच उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी फोटो काढला. म्हणाले, झीज सुरू झालीय, आता जपा. हिरानं जपणं म्हणजे काय केलं, तर गुडघा जयंतीसाठी राखून ठेवला! जिना बंद, बाजार बंद, विहारात जाणंसुद्धा बंद. दिवसभर पलंगावर, पायाला तेल, वर पट्टी, खाली उशी. सूज उतरली तरी बाई उठेना. तात्याराव तिला चहा हातात नेऊन द्यायचा आणि मला म्हणायचा, "आक्का, आमच्या घरात पैठणी नाही, पण गुडघा घडी घालून ठेवलाय."

जयंतीच्या आधी सराव सुरू झाला तशी हिरा ऐटीत विहाराच्या अंगणात उभी राहिली, मी पायरीवरून बघत होते. शिट्टी वाजली, हलगी वाजली, ही खाली बसायला गेली आणि पाय जो मुडपला तो सावरलाच नाही. सगळ्या बायकांसमोर कुशीवर पडली. हाड मोडलं नाही, नशीब. पण रिक्षातून घरी येताना तिनं माझा हात घट्ट धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. म्हणाली, "वन्सं, यंदा मी पुढे नसले तर पुन्हा कधीच नसेन."

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढतच कल्याणीकडे नेलं. ही आमच्याच गल्लीतली पोरगी, फिजिओथेरपिस्ट. आळंदी रस्त्यावर तिचं क्लिनिक आहे. तिनं हिराच्या दोन्ही मांड्या दाबून पाहिल्या.

"काकू, ही उजवी बघा, केवढी बारीक झालीय! सांधा थोडा झिजलाय, ओके. पण त्याचा भार मांडीचे मसल्स घेतात, आणि तेच तुम्ही झोपून घालवलेत. सूज होती तेवढे दिवस रेस्ट ठीक होती. नंतर गुडघ्याला काम पाहिजे. बेताचं, पण रोजचं."

मग तिनं करून दाखवलं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. पाय लांब करून मांडी आवळून धरायची. सपाट रस्त्यानं चालायचं. थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. सूज आली किंवा दुसऱ्या दिवशीही दुखणं चढलेलंच राहिलं तर कमी करायचं, पण सोडून द्यायचं नाही.

"आणि माझी बैठक? उडी?" हिरानं विचारलं.

"ती यंदा नाही काकू. पुढेही नकोच."

हिरा तिथंच रडायला लागली. "मग मी कशाला जाऊ? पाणी वाटायला?"

माझं डोकंच सणकलं. "का? पाणी वाटणारी माणसं नसतात? मी इतकी वर्षं वाटतेय. तेव्हा मला अशी खुर्ची कुणी दाखवली नाही, सरळ पायरी दाखवली!"

हिरानं डोळे पुसले आणि परतताना रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसली.

पण सकाळी दार वाजलं. हिराच. "वन्सं, एकटीनं कंटाळा येतो. चला." झालं, तिच्या घरात दोन खुर्च्या भिंतीला टेकवल्या आणि आमची उठबस सुरू. आधी हिराला हात टेकल्याशिवाय उठताच येईना, आणि मला बसताना धपकन आदळायची सवय. तात्याराव पेपरातून मान वर करून म्हणायचा, "चालू द्या. पुढाऱ्यांच्या मागेपुढेसुद्धा एवढी उठबस होत नसेल." माझे गुडघे काही विशीतले झाले नाहीत. पण जिन्याला शिव्या घालणं कमी झालं, हे खरं.

विहारातल्या सरावाला मात्र मी त्यानंतर गेले नाही. कुणी बोलावलंच नव्हतं.

जयंतीच्या दिवशी मी सवयीनं पाणी भरलं आणि पायरीवर जाऊन बसले. समोर पांढऱ्या रांगा लागल्या. पुढे हिरा, साडीखाली खेळाचे बूट. तिनं शिट्टी ओठांना लावली, आणि काढली. रांग सोडून सरळ माझ्याकडे आली. हातात दोन लेझिमा.

"वन्सं, उठा."

"मला बैठक जमत नाही," मी म्हटलं. मुद्दामच म्हटलं.

"बैठक काढून टाकली. पाऊल पुढे, गुडघा जरासाच वाकवायचा, आणि मागे. सगळ्यांनाच तसं शिकवलंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला उठवायला नको होतं रांगेतून. चुकलं माझं."

चांगलं झणझणीत काहीतरी बोलायचं इतकी वर्षं ठरवून ठेवलं होतं. ऐन वेळी आठवेल तर शपथ.

"आणि पाणी कोण वाटणार?"

"तुमचा भाऊ."

तात्याराव मागे पेले घेऊन उभाच होता. शेजारच्या दोघी कधीच उठून पदर खोचत होत्या. हिरानं मला आधाराला हात पुढे केला. मी तो धरला नाही. पायरीलाही हात टेकला नाही, आणि उभी राहिले. हिराचे डोळे भरले, माझेही भरले. मग तिनं माझ्या हातात लेझीम दिली आणि शिट्टी फुंकली.