नऊ वाजताचं रीडिंग

भुताखेतांच्या गोष्टींवर मी कायम हसत आलोय. आजही कोणी तसलं काही सांगायला लागलं, की मी चहाचं निमित्त काढून उठतो. तरी हे लिहितोय, कारण यात भूत नाहीच... त्यामुळे हसून सोडूनही देता येत नाही.

वायटूकेच्या, म्हणजे २००० सालाच्या आसपासचे दिवस. मी मूळचा यवतमाळचा, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. बरोबरची पोरं कोडिंगचे क्लास लावून अमेरिकेची स्वप्नं बघत होती आणि मी पाणी व्यवस्थापनात एम.ई. करत होतो. "याची दोन वर्षं पाण्यात जाणार," हा त्यांचा रोजचा विनोद. प्रोजेक्ट होता सोसायट्यांमध्ये वाया जाणाऱ्या पाण्याचा.

बिबवेवाडीतल्या एका सोसायटीची जमिनीखालची टाकी रोज भरून वाहायची, कारण टाकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट मोडलेला. सेक्रेटरी आपटेकाकांनी एका रविवारी टाकी रिकामी करून ठेवली. सकाळी साडेसातला मी उतरायचं, आठला पाणी यायच्या आत मापं घेऊन बाहेर, असं ठरलं. झाकणाशेजारी काकांचीच पाटी होती – 'झाकण उघडे दिसल्यास बंद करून कडी लावावी. कारणे शोधत बसू नये.' मी ती वाचून मनसोक्त हसलो आणि बॅटरी घेऊन आत उतरलो.

दहा मिनिटांत आपटेकाकू दूध घेऊन परतल्या. मी येणार हे काका त्यांना सांगायला विसरले होते. झाकण उघडं दिसलं, आणि त्यांनी पाटीप्रमाणे केलं.

लोखंडी झाकण आदळलं, वर कडी सरकली. भिंतीतल्या पायऱ्या चढून मी झाकण बडवलं, घसा फाटेस्तोवर ओरडलो. वरून फक्त कुणाची तरी स्कूटर सुरू झाल्याचं ऐकू आलं. आठला पाइपातून पाणी पडायला लागलं. फ्लोट मोडला की पाणी थेट स्लॅबला टेकतं, हे मीच रिपोर्टमध्ये मोठ्या थाटात लिहिलं होतं. सात फुटांची टाकी... मी रडलो. आईला हाका मारल्या, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

मग डोकं ताळ्यावर राहावं म्हणून खिशातला लाल मेणखडू काढला. दर दहा मिनिटांनी पाण्याच्या पातळीला रेघ आणि पुढे वेळ – आम्हाला फील्डवर शिकवलेलं काम. ८.१०, ८.२०, ८.३०... ८.५० ची रेघ छातीशी ओढली आणि कडी वाजली.

वर काका वाकून बघत होते. "आठच्या आत बाहेर यायचं ठरलं होतं ना आपलं?"

"पाटी तुम्हीच लावलीत," मागून काकू म्हणाल्या. बोलणं नेहमीसारखं, पण चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी मला घरात नेलं, टॉवेल दिला, चहा दिला. खडू माझ्या खिशातच होता. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी दहापर्यंत तिथून हललो नाही.

पुढच्या रविवारी फ्लोट बदलायला टाकी उपसली. रेघा मोजायला मिळतील म्हणून मीही गेलो. काकांनी बॅटरी आत मारली आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"तुम्ही नंतर परत उतरला होतात का?"

मी वाकून पाहिलं. ८.५० च्या वर ९.०० ची रेघ होती. तिच्या वर ९.१० ची. तोच लाल खडू, माझंच अक्षर – माझा नऊ उलट्या शेपटीचा असतो, त्यावरून शाळेत छड्या खाल्ल्यात. ९.१० चे आकडे वेडेवाकडे झाले होते. सगळ्यांत वरची रेघ स्लॅबला लागून होती. तिच्यापुढे वेळ लिहिलेली नव्हती.

कोणी चेष्टा केली म्हणावं, तर आठवडाभर टाकी भरलेली आणि त्या दिवसापासून कडीला काकांचं कुलूप. प्रोजेक्टच्या सरांना मी ८.५० पर्यंतचीच रीडिंग्ज दिली. उरलेल्यांचं स्पष्टीकरण तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

मला बाहेर काढल्यावर काकांनी झाकण पुन्हा लावलं होतं. आत कोणी राहिलंय का, हे बघायला कोणीच गेलं नाही... मीसुद्धा नाही. मी चहा पीत होतो.