बनाबाईच्या शेवग्याचा पाला

आमच्या वाशी गावच्या गल्लीत बनाबाईइतकी काळजी करणारी बाई दुसरी नव्हती. शेळी दोनदा शिंकली तरी ती माझ्या दारात येऊन विचारायची, "वैनी, हे बरं लक्षण न्हाय ना?" पण बहात्तरच्या दुष्काळात तिला लागलेला घोर खरा होता.

मुलगा बलभीम येडशीकडे तलावाच्या कामावर गेलेला. घरी सून तारामती बाळंतीण. रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आणि लसणाचं तिखट, एवढंच तिच्या ताटात पडायचं. एका दिवेलागणीला तारामतीचा पाय भरल्या हंड्याला लागला. पाणी सगळं अंगणात सांडलं. त्या दिवसांत हंडाभर पाणी! बनाबाई कडाडली, "डोळं हायेत का खापरं?" आणि मग तिनं नीट पाहिलं. पाळणा समोर असूनही सून हवेत चाचपडत होती.

तशीच ती माझ्याकडे आली. "वैनी, दिवस बुडाला की पोरीला दिसंना झालंय. लेकरू हातातून पडलं म्हंजी?"

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी पाहिलं. रातांधळेपणा. औषध संपलेलं, पुढच्या खेपेला आणते म्हणाल्या. "तोवर पालेभाजी खाऊ घाला. तुमच्या दारात शेवगा आहे की!"

दुष्काळातही तो शेवगा हिरवागार होता. त्याचा पाला रोज शेळीला जायचा.

"बाळंतिणीला हिरवं?" बनाबाईनं पदर तोंडाशी धरला. "लेकराला हिरवी हगवण व्हतीय. माजं पहिलं तसंच गेलं. म्या अंबाडी खाल्ली व्हती."

मी समजावलं, "अहो, त्या पाल्याच्या हिरव्या रंगाखाली पिवळं सत्त्व असतं. ते डोळ्यांना जपतं, अंग झिजू देत नाही. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकातलं लेकरू मरत न्हाय, वैनी."

खाटेवरून तारामती हळूच म्हणाली, "आत्याबाई, शेळी रोज हिरवंच खाती. तिच्या करडाला काय झालं?"

"शेळीशी बरोबरी करती व्हय गं?" बनाबाई खेकसली. पण बराच वेळ ती त्या करडाकडे बघत राहिली. करडू आपलं उड्या मारत होतं.

संध्याकाळी तिच्या चुलीवरून शेवग्याच्या भाजीचा वास आला. चमचाभर तेल, ठेचलेला लसूण. सुनेच्या भाकरीवर तिनं चिमूटभरच भाजी ठेवली, आणि ती जेवत असताना तिच्याकडे पाठ करून बसली.

तेव्हापासून रोज सकाळी बाळाचं दुपटं घेऊन ती माझ्या अंगणात यायची. "उजेडात बघा, वैनी. पिवळंच हाय ना?" भाजी चिमटीची मूठ झाली, तरी दुपटं पिवळंच. मग एकदा त्यावर जरा हिरवट दिसलं. त्या दिवशी भाजी झाली नाही, आणि तिनं स्वतःही घास घेतला नाही. नर्सबाई आल्या तेव्हा बाळ चुरूचुरू दूध ओढत होतं. "अंगावर पितंय, वजन वाढतंय, जुलाब नाहीत. अहो, तान्ह्याचं असं होतंच कधीमधी. पाला बंद करू नका," असं बजावून त्यांनी तारामतीला औषधही पाजलं.

भाजी पुन्हा सुरू झाली. शेळी कोरडा कडबा चघळत बनाबाईकडे रागानं बघायची. बनाबाई मात्र रोज अंधारून आलं की जीव मुठीत धरून सुनेच्या पावलांकडे बघायची, विचारायची काही नाही. नाही दिसत म्हणाली तर काय करायचं, ही भीती.

अशाच एका दिवेलागणीला मी त्यांच्या ओट्यावर बसले होते. दिवा अजून लावायचा होता. बनाबाई पाला ओरबाडून आत आली. पाळण्याची दोरी ओढता ओढता तारामती म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या केसात पान अडकलंय."

बनाबाई जागीच थांबली. डोक्याला हात न लावता म्हणाली, "कुठं? काढ बघू तूच."

तारामती उठली. वाटेतला हंडा वळसा घालून टाळला, आणि तिचा हात सरळ त्या पानावर गेला.