लेकीच्या लॅपटॉपमधल्या अक्षता

मैत्रिणींनो, लेक पुण्याला नोकरीला गेली आणि तिचा जुना लॅपटॉप माझ्याकडे राहिला. फोनवर ती नेहमी घाईत असते, म्हणून नेटवरच काय ते बोलणं. पण नवी सिस्टीम टाकल्यापासून जुनं वायफाय कार्ड त्या सिस्टीमशी जुळेना आणि नेट बंद पडलं. म्हणून आज लॅपटॉप ब्रह्मपुरीला दुरुस्तीला नेला.

दुरुस्तीवाल्या भाऊंनी तो उघडला. "बाई, याच्यात धान पेरून राह्यल्या का?"

दरवर्षी दसऱ्याला मी त्याची पूजा करते. त्याच अक्षता कीबोर्डखाली गेल्या होत्या.

"फेकू नका, मले द्या," मी म्हटलं.

त्यांनी दुसऱ्या बंद लॅपटॉपमधलं जुळणारं कार्ड बसवून दिलं.

घरी आल्यावर नेट लागलं. लेकीच्या नावाजवळ हिरवा ठिपका आहे, म्हणजे ती ऑनलाइन आहे. तासभर मी त्याच्यासमोर देवापुढे बसल्यासारखी बसले आहे. ती कामात असेल.

माझ्या जागी तुम्ही असता तर स्वतःहून आधी बोलला असता का?