कुशाबाईनं पेरलेली कुसळी

भांडगावच्या शिवारातली दगडाची खाण बंद पडली, तेव्हा मालकानं खड्डा मुरुमानं भरला, वर वीतभर माती पसरली आणि तिथं गवत उगवायचं काम एका संस्थेच्या गळ्यात टाकलं. संस्थेची सुषमाताई गावरान बी शोधत धनगरवस्तीवर आली. वस्तीनं एकमुखानं कुशाबाईकडं बोट दाखवलं. साठी उलटलेली ही बाई मेंढरांमागं अर्धा मुलूख पायी पालथा घालून आलेली. गवताची काडी दाताखाली धरून ती कुठल्या मातीतली ते सांगायची.

या चार एकरांचा ग्रामसभेत वाद होता. रान हिरवं झालं तर ते वस्तीला गायरान मिळणार, नाहीतर हायवेच्या ट्रकांचं पार्किंग होणार. वस्तीला चरायला दुसरी जागाच उरली नव्हती. म्हणून कुशाबाईनं काम मनावर घेतलं.

पहिल्या वर्षी तिनं पवन्या घेतलं, मारवेल घेतलं, मेंढरांना जे जे आवडतं ते सगळं घेतलं. फुंकरीनं उडणारं ते बी ओल्या लेंडीखतात कालवून मुठीमुठीनं विस्कटलं. गवत असं तरारलं की सुषमाताई फोटो काढून दमली. पण पंचपक्वान्नाचं ताट उघड्यावर मांडल्यावर दुसरं काय होणार? बी धरायच्या आत तीन वस्त्यांची मेंढरं ते मुळापासून साफ करून गेली. त्यात सगळ्यात पुढं कुशाबाईच्या सख्ख्या भावाचा, भैरूचा कळप. परतीच्या पावसानं उघडी माती ओढ्यात नेली. सरपंच आनंदराव म्हणाले, अजून एक पावसाळा बघू, मग ट्रक.

कुशाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस ती त्या उघड्या रानात हिंडत राहिली. तिसऱ्या दिवशी सुषमाताईला म्हणाली, "ताई, मी मेंढरांची आवड पेरली. आता नावड पेरायची."

तिनं कुसळी गवताचं आणि मेंढरं तोंड लावत नाहीत त्या तरवडाच्या झुडपाचं नाव घेतलं, तेव्हा वस्तीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. लोकरीतली, लुगड्यातली कुसळं उपसण्यात सगळ्यांचा जन्म गेला होता. कुशाबाईनं कुणाचं ऐकलं नाही. आठ मुठी कुसळी, चार मुठी तरवड आणि एकच मूठ मारवेल, असं मिश्रण तिनं पेरलं. कोवळी कुसळी मेंढरं खातात, म्हणून तुरा येईपर्यंत ती काठी घेऊन बांधावर बसली. भैरूलाही तिनं हाकललं, तेव्हापासून त्यानं बोलणं टाकलं. कुसळं टोकदार झाली आणि राखण संपली. कळप यायचे, हुंगायचे आणि तोंड फिरवून जायचे.

दिवाळीआधी आनंदराव कडक इस्त्रीच्या पायजम्यात पाहणीला आले. मोकळी जागा शोधत ते मधोमध गेले आणि गुडघ्यापर्यंत कुसळं लेवून परतले. मग अर्धा तास दगडावर बसून ती वेचत राहिले. माती जागची हलली नव्हती, हे त्यांनी मान्य केलं. पण हे खाणार कोण, आणि याला गायरान म्हणायचं कसं, असं त्यांनी विचारलं.

कुशाबाईनं एक तरवड हातानं बाजूला केला. बुडाशी मारवेल उभं होतं, बियांनी लगडलेलं, कुणाचं तोंड न लागलेलं.

"बाकीची राखणदार हायती, सरपंच. खायाचं हे हाय. ह्याचं बी पडून रानभर पसरंपर्यंत, दोन वर्सं, हितं कुणी चारायचं न्हाई. आमी बी न्हाई."

आनंदरावांनी ते गवत वाकून पाहिलं. ट्रकांची सोय दुसरीकडं करतो, गायरानाचा ठराव घेतो, असं सांगून ते लंगडत गाडीकडं गेले.

भैरू कळप घेऊन बांधावर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. दोन वर्षं म्हणजे त्याच्या मेंढरांना अजून लांब हिंडणं आलं. तो बहिणीपाशी आला.

"आक्के," तो म्हणाला, "पुढल्या पावसात ही कुसळी पुन्ना कोवळी हुईल. तवा तू घरी बस. काठी घिऊन मी बसतो."

चार महिन्यांनी भावाची हाक ऐकून कुशाबाईला हसू आणि रडू एकदमच आलं.