फौजेच्या गाडीची भाकरी

लग्नानंतर हे एकदाच रजेवर आले. त्या रजेतले बरेचसे दिवस वळसंगला शेतात आणि पैपाहुण्यांत गेले. निघायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी माझ्या सासऱ्यांपुढे विषय काढला. "हिला मास्तरीण व्हायचंय. सोलापुरात तिच्या मावशीकडं राहू द्या. शिकू द्या."

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. "तू फौजंत. आता बायकू सोलापुरात. आमी दोगं हितं कावळं हाकतो की," एवढंच म्हणाले. पण नको म्हणाले नाहीत. हे सिकंदराबादला पलटणीत परत गेले आणि मी पुस्तकांची पिशवी घेऊन मावशीकडे आले.

मावशीचे यजमान रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. त्यांना मी काका म्हणे. गल्लीत आमच्या भिंतीला भिंत लावून एक तेलुगू विणकराचं घर होतं. त्या घरातल्या बाईला सगळी गल्ली अक्का म्हणायची. नवरा मागावर चादरी विणायचा आणि अक्का दिवसभर रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. तिच्या नखांतला रंग कधी जात नसे. तिचं मराठी आमच्यासारखं नव्हतं. बाईला 'आला' आणि बाप्याला 'आली' म्हणायची, पण तिचं बोलणं कळलं नाही असं कधी झालं नाही.

ते साल एकाहत्तर. दसरा झाला आणि काका घरी येऊन सांगू लागले, फौजेच्या गाड्या चालल्यात. सिकंदराबादकडून येतात, इंजिनाला पाणी घेतात आणि पुढे सरहद्दीकडे जातात. कुठल्या सरहद्दीकडे, ते कुणी सांगत नव्हतं. काका म्हणाले, "पोरं उपाशी नसतात म्हणा, पण डब्यांतून अशी बघत असतात की घरचीच वाटतात."

दुसऱ्याच दिवशी मावशीनं परात घेतली. ज्वारीच्या पातळ भाकरी थापून चुलीपाशी वाळवून कडक केल्या, शेंगांची चटणी कुटली. कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते, प्रवासाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. गल्लीतल्या आणखी बायका आल्या. अक्काला भाकरी थापता येत नव्हती, म्हणून ती चुलीपुढं बसून भाकऱ्या शेकायची आणि जुन्या चादरीत त्या बांधून डोक्यावरून स्टेशनवर न्यायची.

पहिली गाडी आली तेव्हा मी लाजून मागंच उभी होते. एका उंच जवानानं भाकरी हातात घेतली, वाजवून बघितली आणि ओरडला, "अरे, इतना बडा पापड!" सगळा डबा हसला. मग तो चटणीबरोबर ती कडाकडा खाऊ लागला आणि दुसरी मागितली. मी पुढं होऊन दिली. त्या दिवसापासून कॉलेज सुटलं की मी स्टेशनवरच जायला लागले.

बायकांना वाटे, पोरगी देशासाठी झटतेय. तसं होतंही. पण प्रत्येक गाडी फलाटाला लागली की माझे डोळे आधी चेहऱ्यांवरून फिरायचे. मी यांना पत्रात लिहिलं होतं, तुमची गाडी या वाटेनं आली तर फलाटावर पाण्याच्या नळाजवळ बघा, मी तिथंच उभी असते. पत्र पोचलं की नाही कळायला मार्ग नव्हता. त्यांच्याकडून उत्तर यायचं थांबलं होतं. गाडी हलली की जवान हात हलवायचे आणि मीही हलवायचे. त्यांतल्या कुणाची तरी बायको अशीच कुठल्या तरी स्टेशनावर उभी असेल, असं मनात यायचं. माझ्या हातची भाकरी त्या बाईच्या माणसाला पोचली, मग यांनाही कुणी तरी देईलच की.

एका सकाळी मामा दारात उभे राहिले. सासूबाई विहिरीच्या पायरीवरून घसरल्या होत्या, हात मोडला होता. "पाण्याची घागर बी उचलंना झालीय ती," मामा म्हणाले. "चार दीस चल. मग तुजी तू ये."

मी त्यांच्याबरोबर एस.टी.नं वळसंगला गेले. जाताना अक्काला म्हटलं, "माझ्या वाट्याच्या भाकरी तू वाट." ती म्हणाली, "जा जा. फौज काय तू नाही म्हणून थांबतो का?"

सासूबाईंचा हात गळ्यात बांधलेला. त्यांना न्हाऊ घालून, वेणी घालून, गुरांचं बघून चार दिवसांनी मी परत आले तेव्हा दुपार कलली होती. अक्का तिच्या उंबऱ्यावर बसली होती. नेहमी मला बघून हाक मारायची, त्या दिवशी उठून उभी राहिली.

"तुझा मालक आली होती," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कोण?"

"तुझा मालक गं पोरी. गाडीतून. काल."

मी पिशवी तिथंच ठेवून खाली बसले. अक्कानं माझ्यासमोर बसून सगळं सांगितलं. गाडी लागताच एक सावळा जवान उडी मारून उतरला आणि सरळ नळापाशी गेला. तिथं कुणी नव्हतं. तो तिथंच इकडंतिकडं बघत उभा राहिला, पाणीसुद्धा प्याला नाही. अक्काला वाटलं, भाकरी मिळाली नाही म्हणून उभा आहे. ती त्याच्याकडे गेली. त्यानं विचारलं, "इथं एक मुलगी येते का? मास्तरणीचं शिकते. वळसंगची." अक्का म्हणाली, येते, पण सासरी गेलीय, सासूचा हात मोडला. तेव्हा तो म्हणाला, "आईचा?".

"मग?" मी विचारलं.

"मग मी भाकरी दिला. इंजिनानं शिट्टी दिली. तो पळाली. डब्यातून म्हणाली, तिला सांगा, शिकणं सोडू नको."

"आणखी काय म्हणाले?"

"एवढंच गं."

"तब्येत कशी होती? बारीक झालेत का?"

अक्कानं खरंच आठवायचा प्रयत्न केला. "केस लई बारीक कापला होती. हसली नाही. पण चांगली होती."

मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मावशी रागावली, "अगं, किती वेळा तेच ते विचारशील?" पण अक्का कधी कंटाळली नाही. कांड्या भरता भरता सांगायची, आणि मी तिच्या रहाटाशेजारी बसून ऐकायचे. ज्या माणसाला मी डोळे भरून बघायचं, त्याला तिनं बघितलं होतं. तिचा मला हेवा वाटायचा आणि तिच्यापासून उठवतही नसे.

मार्गशीर्षात युद्ध पेटलं. संध्याकाळी दिवे झाकून बसायचं, रेडिओला कान लावायचे. स्टेशनवर जाणं मी सोडलं नाही. वेळ अमावस्येला, गावच्या बोलीत येळवशीला, मामांनी मला गावी बोलावलं. आमच्या भागात त्या दिवशी सगळी माणसं शेतात जेवायला जातात. ज्वारी कमरेपर्यंत आली होती. सासूबाईंनी एका हातानं का होईना सगळ्या भाज्यांची एकत्र भज्जी आणि आंबील केली होती. शेजारच्या शेतकऱ्यानं बैलगाडीवर रेडिओ आणला होता. ढाक्यात शत्रू शरण आल्याची बातमी पुन्हा पुन्हा सांगत होते. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मामा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलले. "आता येतंय बग तुजं मानूस. पुढच्या येळवशीला हितंच जेवंल." मी मान खाली घालून हसले. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मी गावीच असताना, तार आली. हे पश्चिमेच्या सरहद्दीवर गेले होते. युद्ध थांबायच्या जरा आधी त्यांना गोळी लागली होती. मामा तार हातात धरून गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. सासूबाईंचा हात तोवर जुळला होता. त्या हातानं त्यांनी मला धरून ठेवलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी पुन्हा मावशीकडे शिकायला आले, तेव्हा पलटणी परतायला लागल्या होत्या. स्टेशनवर हार-तुरे, बँड, गुलाल. मावशी म्हणाली, "तू येऊ नकोस गं. बघवणार नाही तुला." खरं होतं ते, पण घरातही बसवेना. अक्का भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन निघाली तशी मी तिच्या मागोमाग गेले. कपाळ मोकळं असलेली बाई अशा वेळी पुढं येते म्हणून कुणीतरी कुजबुजलं. अक्कानं त्या कुजबुजणारीकडे बघत गाठोडं माझ्याच हातात दिलं.

डबे हसत होते, गात होते. मी एकेकाच्या हातात भाकरी देत गेले. कुणाला काही विचारलं नाही. एक अगदी कोवळा जवान म्हणाला, "बहनजी, आप रो रही हैं?" मी म्हटलं, "चटणी तिखट आहे." त्याला मराठी कळलं नाही, तरी त्यानं मान हलवली.

मी मास्तरीण झाले. कुंभारी गावच्या शाळेत पुष्कळ वर्षं शिकवलं. मामा आणि सासूबाई अखेरपर्यंत माझ्याजवळ होते. अक्काकडे मी सुट्टीच्या दिवशी जायचे, आणि मी न विचारता ती सांगायला सुरुवात करायची. वर्षं गेली तशी तिच्या सांगण्यात भर पडत गेली. तो हसला होता. त्यानं भाकरीचा तुकडा तिथंच मोडून खाल्ला होता. 'माझ्या बायकोच्या हातची आहे ना?' असं विचारलं होतं. पहिल्या दिवशी यातलं काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तिला अडवलं नाही.

शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. एकदा मी तिच्या खाटेशेजारी बसले आणि तीच हकिगत तिला सांगू लागले. गाडी आली, एक जवान उतरला, त्यानं इकडंतिकडं बघितलं. ती लहान मुलीसारखी ऐकत होती.

"मग? ती पोरगी कुठं गेला होता?" तिनं विचारलं.

"गावाला. सासूचा हात मोडला होता."

"अय्यो," अक्का म्हणाली आणि माझा हात हातात घेऊन बराच वेळ चोळत राहिली. "मग पुढच्या गाडीला भेटली असेल."

"हो," मी म्हटलं.